"मॅडम, पित्त झालंय"

(गरोदरपणातल्या हेल्प सिंड्रोम या आजारावर आशाताई, एएनएम म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका आणि परिचारिकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

मैत्रिणींनो, गरोदर बाई "पित्त झालंय" म्हणाली, की तिला दुखरी जागा हाताने दाखवायला सांगा. बोट छातीच्या मधोमध, घशाकडे जातं, की तळहात उजव्या बरगडीखाली नाहीतर पोटाच्या वरच्या खळगीत दाबून धरला जातो? तळहात तिथे गेला आणि दिवस भरत आलेले असले, तर नुसती पित्ताची गोळी देऊन घरी पाठवू नका. रक्त काढा.

उमेदवारीच्या काळात मी ते केलं नाही. रात्रपाळी होती. पहिलटकरीण, नववा महिना, दोन उलट्या, बीपी १३० वर ८४. पित्ताचं इंजेक्शन देऊन मी पुढच्या पेशंटकडे वळले. पहाटे तिला कोऱ्या चहासारखी लघवी झाली. प्लेटलेट आल्या ४२,०००. ती वाचली, बाळही वाचलं. पण हातून गेलेले ते चार तास मी विसरलेली नाही.

हा हेल्प (HELLP) सिंड्रोम. १९८२ साली डॉ. लुई वाइनस्टाइन यांनी तीन बिघाडांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव दिलं: तांबड्या पेशी फुटणं, यकृताची एन्झाइम वाढणं, प्लेटलेट घटणं. वारेतून सुटणाऱ्या घटकांनी रक्तवाहिन्यांचं अस्तर दुखावतं. तिथे बारीक गुठळ्या धरतात, प्लेटलेट त्यात खर्ची पडतात, आणि त्या अडचणीतून वाट काढताना तांबड्या पेशी फाटतात. यकृत सुजून त्याचं आवरण ताणलं जातं, तेच हे बरगडीखालचं दुखणं. म्हणून तिथे जोराने दाबून तपासू नका. आवरणाखाली रक्त साठलेलं असेल तर ते फुटू शकतं.

बीपी चांगलं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. साधारण १५ टक्के बायकांत वाढलेलं बीपी किंवा लघवीतलं प्रोटीन, यातलं एक काहीतरी सापडत नाही.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), स्मिअर (काचेवर रक्त पसरून पेशी बघणं), एसजीओटी-एसजीपीटी (यकृताची एन्झाइम), एलडीएच (पेशी फुटल्या की वाढतं ते), बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन पाठवा. प्लेटलेट १,००,००० च्या खाली, एलडीएच ६०० च्या वर, यकृताची एन्झाइम दुपटीहून जास्त, असं दिसलं तर निदान जवळजवळ ठरलं. पण आकड्यापेक्षा उतार बघा. सकाळी १,६०,००० आणि संध्याकाळी १,१०,००० असतील, तर मी ती रात्र झोपणार नाही. सहा ते बारा तासांनी पुन्हा रक्त काढायचं.

पावसाळ्यात प्लेटलेट उतरल्या की सगळ्यांच्या तोंडी डेंगी, कोकणात लेप्टो. त्या तपासण्या जरूर करा, पण ताप येऊन गेला का ते आधी विचारा. हेल्पमध्ये ताप सहसा नसतो आणि स्मिअरमध्ये फाटलेल्या पेशी दिसतात. साखर खूप उतरली असेल, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा, वाढला असेल, तर गरोदरपणात यकृतात चरबी साठण्याचा आजार डोक्यात आणा.

आशाताई, आता तुमच्यासाठी. हेल्प झालेल्या जवळपास तीस टक्के बायकांना हा त्रास बाळंतपणानंतर होतो, बहुतेकींना पहिल्या ४८ तासांत, काहींना आठवडाभरात. घरचे म्हणतात वात धरलाय, ओवा-शेपा द्या. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बाळाचं वजन करायला जाता, तेव्हा आईलाही विचारा: डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, बरगडीखाली दुखतं का? एकालाही हो म्हणाली, तर त्याच दिवशी १०८ बोलवा.

आणि पुढे पाठवताना चिठ्ठीवर प्लेटलेटचा आकडा आणि रक्त काढल्याची वेळ लिहा. ते नसेल, तर तिचा उतार आम्हाला शून्यापासून मोजावा लागतो.