शिकागोहून डॅलसला, टपालाने

मार्च १९६३. शिकागोतल्या क्लाइन्स नावाच्या दुकानात टपालाने एक मागणी येते. मासिकातून कापलेलं जाहिरातीचं कूपन आणि सोबत २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर. हवी आहे दुर्बीण लावलेली इटालियन रायफल. नाव ए. हायडेल, पत्ता डॅलसमधल्या पोस्ट बॉक्सचा. दुकान रायफल पाठवून देतं. टपालाने बंदूक मागवायला तेव्हा कायद्याची आडकाठी नव्हती. समोर कोण आहे, हे पाहायला कुणी नव्हतंच.

हायडेल हे खोटं नाव होतं. मागवणारा होता ली हार्वे ऑस्वाल्ड. त्या नोव्हेंबरात याच रायफलीने अध्यक्ष केनेडींचा जीव घेतला, असा निष्कर्ष हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाने काढला.

तरीही कायदा बदलायला पाच वर्षं गेली. १९६८ साली आधी मार्टिन ल्यूथर किंग, मग रॉबर्ट केनेडी मारले गेले. २२ ऑक्टोबरला अध्यक्ष जॉन्सन यांनी गन कंट्रोल ॲक्टवर सही केली.

या कायद्यामुळे आज ओहायो राज्यातल्या माणसाला आपली बंदूक मिझुरी राज्यातल्या मित्राला थेट विकता येत नाही. तिथे राहणाऱ्या सख्ख्या भावाला भेट म्हणूनही देता येत नाही. दोघं कुठे भेटतात याला महत्त्व नाही, राहतात कुठे हे पाहिलं जातं. बंदूक जाते मिझुरीतल्या परवानाधारक विक्रेत्याकडे. तो ती आपल्या वहीत जमा करतो, मित्राचं ओळखपत्र पाहतो, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरून घेतो आणि एफबीआयकडे चौकशी करतो. मगच बंदूक हाती पडते. मृत्युपत्राने वारसाला मिळालेल्या बंदुकीला मात्र यातून सूट आहे.

दुकान बंद पडलं, की त्याच्या वह्या आणि फॉर्म वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला, केंद्र सरकारच्या कार्यालयात जातात. तिथे नावावरून शोध घेता येत नाही, कायद्यालाच ते मान्य नाही. गुन्ह्यात बंदूक सापडली तर तिच्या क्रमांकावरून आधी कारखाना, मग घाऊक व्यापारी, मग दुकान असं मागे जावं लागतं. हे काम किचकट आहे, पण अनेकदा पोलिसांच्या हाती तेवढाच धागा असतो. म्हणून विक्रेत्याच्या वहीतली ती एक ओळ मला फार मोलाची वाटते.

आणि दोघंही एकाच राज्यातले असले तर? कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी तिथेही विक्रेत्याकडे जाणं बंधनकारक केलं आहे. देशाचा कायदा मात्र दोन खासगी माणसांकडून ना फॉर्म मागतो, ना चौकशी.