रक्तात कॅल्शियम वाढलं म्हणजे हाडं मजबूत झाली असं नसतं

नमस्कार नागपूरकर मंडळी, आणि काटोल, उमरेड, वर्धा, भंडाऱ्याकडून जे ऐकून राहिले त्यांनाही नमस्कार.

आज ज्या हार्मोनबद्दल बोलायचंय त्याचं नाव पॅराथायरॉइड हार्मोन. रिपोर्टवर आणि डॉक्टरांच्या तोंडी ते पीटीएच म्हणून असतं. शुगर, बीपी, थायरॉइड हे आता घराघरात माहीत झालंय, पण हे नाव बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं, म्हणून बोलायला सांगितलं तेव्हा मी हाच विषय मागून घेतला. ओपीडीत एक गोष्ट सारखी दिसते. फुल बॉडी चेकअपचा रिपोर्ट घेऊन माणूस येतो, कॅल्शियम ११.२ आलेलं असतं, बाजूला जास्त असल्याची खूण असते, आणि सोबतचा मुलगा खुशीत म्हणतो, "मॅडम, आईचं कॅल्शियम तर भरपूर आहे, म्हणजे हाडाचं काही टेन्शन नाही ना?" टेन्शन आहे हो. रक्तात कॅल्शियम जास्त दिसतंय ते कित्येकदा हाडातून निघून आलेलं असतं, म्हणजे आकडा वर आणि हाडं खाली.

हे समजायला आधी ग्रंथी पाहू. गळ्यात पुढच्या बाजूला थायरॉइड असते, तिच्या पाठीमागे चिकटून चार छोट्या ग्रंथी असतात, एकेक तांदळाच्या दाण्याएवढी, वजन ३० ते ५० मिलिग्राम, चारही मिळून पाव ग्रॅमसुद्धा भरत नाही. थायरॉइडशी यांचा फक्त शेजार आहे, काम पूर्ण वेगळं. थायरॉइडची टेस्ट, म्हणजे टीएसएच, नॉर्मल आली म्हणून या चौघी ठीक आहेत असं समजू नका. इतक्या छोट्या की माणसाला त्या बऱ्याच उशिरा सापडल्या. १८५० च्या सुमारास लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला एक गेंडा मेला, तो आपल्या भारतातला एकशिंगी गेंडा होता बरं का, आणि रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड केली तेव्हा थायरॉइडजवळ ही ग्रंथी त्यांना दिसली. माणसातल्या ग्रंथींचं वर्णन १८८० मध्ये छापून आलं, ते स्वीडनमधल्या उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉमने केलं, आणि त्या पोराला जिवंतपणी त्याचं काही कौतुक मिळालं नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं.

आता कॅल्शियम. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात असतं, मोठ्या माणसात साधारण एक किलो. पण उरलेलं एक टक्काच असं आहे की त्याच्यावर हृदयाचा ठोका, स्नायूंची हालचाल, नसांचे निरोप, रक्त गोठणं सगळं अवलंबून आहे. रक्तात ते ८.५ ते १०.५ मिलिग्राम प्रति डेसिलिटर एवढ्यातच राहायला पाहिजे, आणि शरीर ही रेंज फार कडक पाळतं. ती पाळायचं काम या चार दाण्यांचं. त्यांच्या पेशींवर कॅल्शियम ओळखणारा सेन्सर असतो, तो नेमका कसा आहे ते १९९३ मध्ये उलगडलं. कॅल्शियम जरासं घसरलं की काही सेकंदात पीटीएच रक्तात सुटतो, हाडातून कॅल्शियम मोकळं करायला लावतो, किडनीला सांगतो की लघवीतून जाणारं कॅल्शियम परत ओढ आणि फॉस्फरस बाहेर टाक, आणि त्याच किडनीत व्हिटॅमिन डीचं कामाचं रूप तयार करवतो म्हणजे मग आतडं जेवणातून जास्त कॅल्शियम उचलतं. कॅल्शियम जागेवर आलं की हार्मोन थांबतो. आणि हा रक्तात टिकतो किती, तर दोन-चार मिनिटात निम्मा होऊन जातो, म्हणजे दिवसरात्र क्षणाक्षणाला हे चालू असतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. फॉस्फरस बाहेर टाकण्याचं एवढं काय असं वाटेल, पण हाडातून कॅल्शियम निघतं तेव्हा फॉस्फरसही सोबत निघतो आणि दोन्ही रक्तात साचले तर नको तिथे जाऊन बसतात, म्हणून एकाला ठेवायचं आणि दुसऱ्याला काढायचं.

आपल्या शहराला पेंचचं पाणी येतं, तोतलाडोहच्या धरणातून. घरच्या नळाला पाणी जोरात येऊन राहिलं म्हणून धरण भरलेलं आहे असं कोणी म्हणणार नाही ना? रक्तातलं कॅल्शियम म्हणजे नळ, हाडं म्हणजे धरण, आणि पीटीएच दरवाजे उघडणारा. नळ शेवटपर्यंत चालू राहतो.

म्हणूनच कॅल्शियम नॉर्मल आणि पीटीएच वाढलेला असा रिपोर्ट आपल्याकडे खूप दिसतो, आणि त्याचं नेहमीचं कारण व्हिटॅमिन डीची कमी. नागपुरात आणि डीची कमी, असं लोक विचारतात, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तिथे! पण त्या उन्हात आपण निघतो कसे ते पाहा ना, डोळे सोडून सगळं चेहऱ्याला स्टोल, हातात मोजे, पोरी गाडीवर अशा बांधून जातात की आईसुद्धा ओळखणार नाही. आणि ते बरोबरच आहे, मे महिन्यात दुपारी अंग उघडं टाकून उन्हात बसा असं मी कुणालाच सांगणार नाही, उष्माघात होतो. फायदा थंडीच्या दिवसांचा घ्या. आपली सावली आपल्यापेक्षा छोटी असते तेव्हाच्या उन्हात डी बनतं, आणि काचेतून आलेल्या उन्हात बनत नाही, म्हणजे गॅलरीच्या बंद खिडकीत बसून उपयोग नाही. डी कमी असलं की आतडं कॅल्शियम उचलत नाही, मग ग्रंथी हाडातून काढत बसते, वर्षानुवर्षं. अंग दुखणं, जिना चढताना मांड्यांत जोर नसणं, हे त्यातलंच. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या ज्या गावात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे तिथे हाडांवर दुहेरी मार पडतो, जेवणात दूध-दही नसेल तर आणखीच.

हे झालं ग्रंथी बिचारी गरज म्हणून धावते ते. दुसरा प्रकार वेगळा आणि आज मला मुख्य सांगायचंय ते हेच, की चारपैकी एखादी ग्रंथी स्वतःच वाढते आणि कुणाचं ऐकत नाही. कॅल्शियम वाढलेलं असूनही हार्मोन सोडतच राहते. शंभरातल्या साधारण ८५ जणांत एकच ग्रंथी वाढलेली असते, साधी गाठ, कॅन्सर यात फार क्वचित, एक टक्क्याहूनही कमी, तेव्हा गाठ ऐकून घाबरू नका. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, विशेष करून पाळी गेल्यानंतर. आणि लक्षणं अशी की कुणाला शंकाच येत नाही. थकवा, बद्धकोष्ठता, सारखी तहान, सारखी लघवी, मन उदास, चिडचिड, विसरायला होणं, अंगदुखी. बाईने हे सगळं सांगितलं की घरात एकच उत्तर मिळतं, वयाचं आहे, होते असं. या वाक्याचा मला मनापासून राग येतो. वयाचं असेलही, पण एक साधी, स्वस्त कॅल्शियमची टेस्ट करून मग म्हणा ना.

आणि मुतखडा. उन्हाळ्यात घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते, खडे होतात, हे खरंच आहे. त्यामुळे आपल्याकडे मुतखडा झाला की सगळे पाण्यालाच दोष देतात, कुळथाचं पाणी प्या, पानफुटीची पानं खा. पाणी भरपूर प्यायचंच, त्यात वाद नाही, पण एकाच माणसाला पुन्हा पुन्हा खडा होत असेल, दोन्ही किडनीत असतील, तर रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय राहू नका, कारण खडा फोडून काढला आणि खडा बनवणारं कारण गळ्यात तसंच राहिलं तर तो परत येणारच.

सक्करदऱ्याकडच्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या, दाराला हात आपटला तेवढ्याने मनगट मोडलं होतं. "मॅडम, हाडं आतून पोखरून राहिली असं वाटते," त्या म्हणाल्या. हाडं ठिसूळ म्हणून कुणीतरी रोजच्या कॅल्शियमच्या गोळ्या आणि डीचे सॅशे लावून दिलेले, ते त्या इमानेइतबारे घेत होत्या, पण रक्तातलं कॅल्शियम किती ते कुणी पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर ११.८, आणि पीटीएच २०० च्या वर, जो ६५ पर्यंतच पाहिजे. ज्या बाईचं शरीर हाडं विरघळवून रक्तात कॅल्शियम ओततंय तिला वरून आणखी गोळ्या चालू होत्या. पुढे स्कॅनमध्ये खालच्या डाव्या बाजूची ग्रंथी वाढलेली दिसली, ती काढली, आणि काही महिन्यांनी त्या म्हणाल्या की हाडाचं सोडा, आधी तर मनावरचं ओझं गेलं.

हा गोंधळ जुना आहे. १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल नावाच्या सर्जनकडे ट्रामवर काम करणारा एक माणूस आला, हाडं पार खिळखिळी. तेव्हाचा समज असा की हाडं खराब म्हणजे या ग्रंथीचं काम कमी पडतंय, म्हणून मांडलने त्याला ग्रंथीचा अर्क दिला, मग दुसऱ्याची ग्रंथीसुद्धा बसवून पाहिली, फरक शून्य. शेवटी गळा उघडला, वाढलेली ग्रंथी दिसली, ती काढली आणि माणूस सुधारला. कमी पडतंय समजून जे देत होते तेच त्याच्या अंगात जास्त होतं. अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा जहाजाचा कप्तान होता, त्याची उंची या रोगाने काही इंच कमी झाली, गळ्यात एकामागून एक ऑपरेशनं झाली तरी ग्रंथी सापडेना, १९३२ मध्ये सातव्या वेळी ती छातीत सापडली, पण तोवर किडनी इतकी खराब झाली होती की तो वाचला नाही. आज सेस्टामिबी स्कॅन (वाढलेली ग्रंथी दाखवणारा खास स्कॅन), सोनोग्राफी, सीटी आहे, ग्रंथी आधी शोधून मगच सर्जन हात लावतो. आणि तो हार्मोन दोन-चार मिनिटात निम्मा होतो म्हटलं ना, त्याचा फायदा असा की गाठ काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त तपासतात, पीटीएच निम्म्याहून खाली आला की समजायचं बरोबर ग्रंथी निघाली.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट फार महत्त्वाची, जरा लक्ष देऊन ऐका. कॅल्शियम ११ च्या वर आणि पीटीएच समजा ५०, लॅबची रेंज ६५ पर्यंत, म्हणून त्यावर काही खूण नसते आणि लोक म्हणतात पीटीएच तर नॉर्मल आहे. नाही. कॅल्शियम इतकं वर असताना चांगली ग्रंथी झोपलेली पाहिजे, पीटीएच अगदी तळाला पाहिजे. तो मधोमध असेल तर तीच गडबड आहे. दोन्ही आकडे एकाच दिवशीच्या रक्ताचे आणि सोबत वाचायचे. अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन, कमी असेल तर कॅल्शियम आहे त्यापेक्षा कमी दिसतं, तो हिशोब डॉक्टर करतात. एकदा वाढलेलं आलं तर परत करून खात्री करायची. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबमध्ये नक्की सांगा, काही मशीनवर त्याने पीटीएच खोटा कमी येतो. मानसिक आजारासाठी लिथियम किंवा बीपीसाठी थायझाइड गटातली गोळी चालू असेल तर तेही सांगा, दोन्हींनी कॅल्शियम वाढू शकतं, पण मनाने बंद करू नका.

निदान झालं की लोक पहिलं काम काय करतात, तर दूध-दही बंद. तसं करायचं नाही. खाण्यातलं कॅल्शियम तोडलं तर ग्रंथी आणखी चेकाळते. नेहमीचं जेवण ठेवा, पाणी भरपूर प्या, फक्त गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोत. ऑपरेशन प्रत्येकाला लगेच लागत नाही, पण वय पन्नाशीच्या आत असेल, खडे होत असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, किडनीचं काम कमी होत असेल किंवा कॅल्शियम वरच्या रेंजच्याही एक मिलिग्रामहून पुढे गेलं असेल तर पुढे ढकलू नका.

डायलिसिसवर असलेल्यांसाठी थोडंसं. किडनी फॉस्फरस टाकू शकत नाही, डी तयार करू शकत नाही, मग या चारही ग्रंथी फुगत जातात आणि पीटीएच शेकड्यात जातो. फॉस्फरस बांधून ठेवायची गोळी जेवणासोबतच घ्यायची, नंतर आठवण आली म्हणून घेतली तर ती काही कामाची नाही, कारण तिला पोटातल्या अन्नातलाच फॉस्फरस पकडायचा असतो.

गंमत म्हणजे याच हार्मोनचा पहिला ३४ अमिनो आम्लांचा तुकडा, टेरिपॅराटाइड, हाड बनवायचं इंजेक्शन म्हणून वापरतात, अमेरिकेत २००२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. दिवसरात्र हार्मोन वाढलेला राहिला तर हाड झिजतं आणि रोज एकदाच थोडा वेळ वाढला तर हाड बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात. फार सुंदर गोष्ट आहे ही, पण ज्यांचा पीटीएच आधीच वाढलेला आहे त्यांनी ते घ्यायचं नसतं.

आणि उलटा प्रकार, हार्मोन कमी पडणं. हे बहुतेक वेळा गलगंडाच्या किंवा थायरॉइडच्या ऑपरेशननंतर होतं, कारण हे दाणे तिथेच चिकटलेले असतात, त्यांचा रक्तपुरवठा दुखावला जातो. घरी आल्यावर ओठांभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या, हाताची बोटं आपोआप वाकडी होऊन आखडली, तर अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोज पाजत बसू नका. रात्रीचे दोन वाजले असतील तरी कॅज्युअल्टीत न्या, आणि गेल्या गेल्या सांगा की थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं आहे, आधी कॅल्शियम तपासा. नमस्कार.