आधी डाग ओळखा, मग पंप उचला

(लातूर येथे बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ऑर्किडचा विषय निघाला की मोबाइल पुढे येतो. पानाचा फोटो, त्यावर काळा किंवा तपकिरी डाग, आणि प्रश्न ठरलेला: कोणतं औषध मारू? आपण शेतकऱ्यांची मुलंबाळं. पीक आजारी दिसलं की कृषी सेवा केंद्र गाठायचं, दुकानदार देईल ती पुडी आणायची आणि पंप पाठीवर घ्यायचा, ही सवय आपल्या हाडात आहे. कुंडीतल्या ऑर्किडला ती महागात पडते. पानावरचा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. आणि बुरशीचा असला, तरी हाती लागलेलं औषध त्या बुरशीवर चालेलच असं नाही.

म्हणून मी उलट विचारतो, डाग वाढतोय का? सांगता येत नसेल तर मार्कर पेननं डागाच्या कडेला बारीक रेघ ओढा आणि तीन-चार दिवस थांबा. डाग रेघेच्या आत राहिला तर घाई नाही. रेघ ओलांडली तर लक्ष घाला. एका रात्रीत ओलांडली, तर हातातलं काम टाकून उठा.

न वाढणारे डाग आपल्याकडे भरपूर. सगळ्यात जास्त उन्हाचे. रुंद पानांचं, पांढऱ्या-जांभळ्या फुलांचं जे ऑर्किड भेट म्हणून घरोघर येतं, ते फॅलेनॉप्सिस. मूळचं आग्नेय आशियातल्या जंगलांतलं, दाट सावलीत वाढणारं. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीत एक दुपार त्याला पुरते. पान जिथे वाकतं तो भाग आधी फिका पडतो, मग कागदासारखा वाळतो. दुपारी पानाला हात लावून पाहा. गरम लागलं तर त्याला औषध कसलं द्यायचं, जागा बदला.

दुसरा त्रास आपल्या बोअरच्या पाण्याचा. कुंडीच्या काठावर पांढरा थर आणि पानांची टोकं जळालेली, असं दिसलं की ते क्षार आहेत. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ मशीनचं बाहेर पडणारं पाणी झाडांना घालायची आपल्याकडे रीत आहे. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या शहरानं पाहिलं, तिथे ही काटकसर मला मनापासून पटते. पण ते पाणी कडुलिंबाला, जास्वंदीला घाला, ऑर्किडला नको. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. गच्चीवरचं पावसाचं पाणी, पहिल्या सरी सोडून, साठवता आलं तर त्याच्यासारखं काही नाही. आणि ऑर्किडला लागतं तरी किती? उन्हाळ्यात डेझर्ट कूलरसमोर कुंडी ठेवणाऱ्यांनीही पाहावं, तुषार पानावर उडत असतील तर त्यातले क्षार तिथेच वाळून बसतात.

पानावर काजळीसारखा काळा थर असेल आणि ओल्या फडक्यानं पुसला जात असेल, तर ती कोळशी. संत्र्यावर येते तीच. तिचं मूळ पानामागे, देठाच्या बेचक्यात बसलेल्या खवले किडीत किंवा पिठ्या ढेकणात असतं, कारण त्यांच्या चिकट स्रावावर ही बुरशी वाढते. कीड काढा, कोळशी जाते.

आता वाढणारे डाग. इथे तुमचं शेतीचं ज्ञान उपयोगी पडतं.

आंब्यावरचा करपा तुम्हाला माहीत आहे. कोलेटोट्रायकम वंशाची बुरशी. ऑर्किडवरही याच वंशाचा करपा येतो. बहुधा पानाच्या टोकाकडून सुरू होतो, डाग तपकिरी, किंचित खोलगट, आणि आत वलयं, बारीक काळे ठिपके. सर्कोस्पोरा या दुसऱ्या बुरशीचा डाग आधी पानाच्या खालच्या बाजूला पिवळसर दिसतो, म्हणून पान उलटून पाहायची सवय ठेवा. व्हँडा जातीच्या ऑर्किडवर शिरांच्या दिशेनं लांबट, जांभळट-काळे, हाताला खरखरीत लागणारे ठिपके येतात, ते फायलोस्टिक्टा बुरशीचे. ही मंडळी सावकाश चालतात. वेळ मिळतो.

जालन्याची, छत्रपती संभाजीनगरची मोसंबी ज्यांनी जवळून पाहिली, त्यांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायला लावणारा रोग, सांगायला नको. तो करणारी फायटोफ्थोरा ऑर्किडवरही येते आणि तिथे तिला काळी कूज म्हणतात. तळाशी, नव्या कोंबाशी पाणचट काळेपणा सुरू होतो, पान हात लावताच गळून येतं. कॅटलिया जातीच्या ऑर्किडला हा रोग फार जाचतो. फायटोफ्थोरा ही शास्त्रीयदृष्ट्या खरी बुरशी नव्हे. तिचे बीजाणू शेपट्या हलवत पाण्यातून पोहत जातात. कार्बेन्डाझिम या नेहमीच्या बुरशीनाशकाचा तिच्यावर परिणाम होत नाही, आणि आपल्याकडे बहुतेकांच्या घरात तीच पुडी असते! झाड काळं पडत जातं आणि माणूस फवारतच राहतो. इथे मेटालॅक्झिल-मॅन्कोझेबचं मिश्रण किंवा फोसेटिल ॲल्युमिनियम लागतं. फोसेटिल कधीही तांब्याच्या औषधात मिसळू नका.

वाढणाऱ्या डागांचा तिसरा प्रकार जिवाणूंचा, डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या जातीचा. जिवाणू वेगळे, पण स्वभाव सारखा. फॅलेनॉप्सिसवर तेलकट, पाणी भरल्यासारखा डाग पडतो, भोवती पिवळी कडा असते आणि बघता बघता तो पसरतो. पान मऊ पडून घाण वास आला तर मऊ कूज समजा. रेघ ओढून वाट पाहायची सूट या पाणचट डागाला नाही. डाग झाडाच्या मध्यापर्यंत, म्हणजे पोंग्यापर्यंत गेला तर फॅलेनॉप्सिस बहुधा वाचत नाही, कारण त्याला वाढीचा कोंब एकच असतो.

करायचं काय? आजारी कुंडी आधी इतरांपासून दूर न्या. ब्लेड गॅसच्या ज्योतीवर तापवून गार होऊ द्या आणि डागाच्या कडेपासून सेंटिमीटरभर हिरवा भाग घेऊन कापा. पुढच्या झाडाला हात लावण्याआधी ब्लेड पुन्हा तापवा. कापलेल्या जागी दालचिनीची बारीक पूड लावली तर जखम कोरडी होते. मुळांवर मात्र ती पडू देऊ नका, मुळंही तशीच सुकतात. करप्याला मॅन्कोझेब, लिटरला दोन ते अडीच ग्रॅम, पानाच्या दोन्ही बाजूंना. मॅन्कोझेब बाहेरून कवच धरतं, आत शिरलेल्या रोगाला हात लावत नाही. कार्बेन्डाझिम लिटरला एक ग्रॅम, आणि तेही पुन्हा पुन्हा नको, बुरशी त्याला सरावते. सगळ्या पुड्या एकाच बादलीत कालवायची पद्धत सोडा. फवारणी घरात करू नका, कुंडी गच्चीवर न्या, संध्याकाळी, हातमोजे आणि मास्क घालून. लहान मुलांच्या खोलीतल्या झाडावर मारायची ही औषधं नव्हेत.

तांब्याबद्दल थोडं सांगतो, कारण तो इतिहास मला फार आवडतो. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ रस्त्याकडेच्या द्राक्षांना चोर हात लावू नयेत म्हणून शेतकरी मोरचूद, म्हणजे तांब्याचं निळं क्षार, आणि चुना शिंपडत. त्याच वेलींची पानं रोगातून वाचतात हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, आणि 1885 मध्ये त्यानं ते मिश्रण जगापुढे मांडलं. आपल्या बागांत आजही ते चालतं. जिवाणूंच्या डागावर तांबं उपयोगी, कॉपर ऑक्सिक्लोराइड त्यातलंच. पण फुलं-कळ्या असताना ते टाळा, आणि डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडला तर नकोच. त्याची पानं भाजतात.

एवढं सांगूनही माझा खरा भर औषधावर नाही. बुरशीच्या बीजाणूला रुजायला पान काही तास सलग ओलं लागतं. ते ओलं राहू दिलं नाही, तर निम्मं काम फवारणीविना होतं. पाणी सकाळी घाला. पोंग्यात थेंब साचला तर टिश्यू पेपरच्या टोकानं टिपून घ्या. जंगलात फॅलेनॉप्सिस खोडाला आडवं लटकतं, पाणी आपोआप निथळतं. कुंडीत आपण ते उभं करतो, म्हणून हे काम आपल्याकडे येतं. आपला उन्हाळा कोरडा असल्यानं तेव्हा बुरशी कमी. जुलैपासून सप्टेंबरच्या झडीपर्यंत सांभाळायचं. त्या दिवसांत कुंड्या विरळ मांडा, छोटा पंखा मंद चालू ठेवा, वारा पानांवरून नुसता फिरला पाहिजे. कुजलेला काथ्या, प्लॅस्टिकच्या पेल्यात घट्ट कोंबलेलं मॉस फुलं संपली की काढून टाका. आपल्याकडे कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सालीचे मोठे तुकडे पुरेसे होतात.

शेवटी विषाणूचं. पानावर खोलगट काळी वलयं किंवा रेघा, दोन्ही बाजूंनी सारख्या, नव्या पानावरही तशाच येत राहिल्या, तर औषध नाही. ते झाड काढून टाकावं लागतं. आणि जो जुना डाग महिनोन्‌महिने वाढला नाही, तो शोभेसाठी कापू नका. तो भाग पुन्हा हिरवा होणार नाही, पण उरलेलं पान झाडाला अन्न देत असतं. फॅलेनॉप्सिसकडे पानं चार-पाचच असतात.