घाम फुटायचा थांबतो तेव्हा

[रात्र. अंधारात मोबाईल उजळतो.]

रात्रीचे २ वाजून ४० मिनिटं. दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर ५२ सांगतोय, म्हणजे फारच कमी. अलार्म वाजतोय. या बाईंना ना घाम आहे, ना थरथर. बघणाऱ्याला वाटावं, किती गाढ झोप लागलीय.

[जुनी वही. पानं उलटतात.]

ही त्यांची वही. मधुमेहासाठी इन्सुलिन सुरू झालं तेव्हापासूनची. शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. ‘६८, हात थरथरले.’ ‘६५, घाम, भूक.’ आणखी काही वर्षं पुढे या. आकडे ५५, ५१, ४८. शेवटचा रकाना कोरा.

या कोऱ्या रकान्यासाठीच आम्ही हे चित्रण केलं.

[मेंदू आणि यकृताचं रेखाटन.]

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण खर्च होणाऱ्या ऊर्जेतला पाचवा हिस्सा त्याला लागतो. त्याच्याकडे साखरेचा साठा नसल्यासारखाच. म्हणून साखर ७० च्या आसपास आली की शरीर धावाधाव सुरू करतं. स्वादुपिंडातून ग्लुकागॉन सुटतं आणि यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतं. मागोमाग अ‍ॅड्रिनलिन. धडधड, थरथर, घाम, ही सगळी त्या धावपळीची खूण. टाईप १ मधुमेहात, म्हणजे शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळपास बनवतच नाही त्यात, ग्लुकागॉनची ही साथ पहिल्या काही वर्षांतच सुटते. उरतं अ‍ॅड्रिनलिन. आणि शुगर वरचेवर लो झाली, की तेही उशिरा जागं होतं. आधी ७० ला, मग ६० ला, मग ५० ला. तोवर मेंदूच उपाशी पडलेला असतो, आणि ‘साखर खा’ हे सुचायला हवं ते त्यालाच. झोपेत तर ही हाक आणखी क्षीण होते.

हृदयाचे ठोके बिघडणं, पडून हाड मोडणं, उतारवयात स्मृतिभ्रंशाचा वाढलेला धोका, हे सगळं याच वाटेवर भेटतं. एक दिलासा मात्र आहे. १९८३ साली अमेरिका आणि कॅनडात सुरू झालेल्या टाईप १ च्या मोठ्या अभ्यासातल्या लोकांना सुमारे १८ वर्षांनी तपासलं, तेव्हा गंभीर हायपोमुळे, म्हणजे साखर फार खाली गेल्यामुळे, बुद्धी ठळकपणे घसरलेली दिसली नाही.

[दवाखाना. रिपोर्टचा कागद.]

तपासणीत तीन महिन्यांची सरासरी बघतात. सरासरी छान आली की सगळे खूश. पण २५० आणि ५० मिळूनही सरासरी छानच येते! शुगर किती वेळा लो झाली, आणि झाली तेव्हा तुम्हाला कळलं का, हे विचारायलाच हवं. कुणी विचारलं नाही, तर आपण होऊन सांगा.

[पेला. पाण्यात विरघळणारी पावडर.]

मुलाने त्यांना उठवून बसवलंय. १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. शुद्ध हरपली असती तर तोंडात काहीही घालायचं नाही. तिथे ग्लुकागॉनचं इंजेक्शन लागतं.

त्यानंतर डॉक्टरांनी रात्रीचा डोस कमी केला, साखरेचं लक्ष्य थोडं वर नेलं. काही आठवडे शुगर लो होऊ द्यायची नाही, एवढाच नेम. असं जपलं की बऱ्याच जणांची हरवलेली जाणीव परत येते.

[वही. नवं पान.]

‘६६. घाम फुटला.’