कार्ड दुर्मीळ होतं कसं?

बेसबॉल खेळाडूंच्या चित्रांच्या जुन्या कार्डांचा विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा येतो. तो आधी उरकून टाकू. ऑगस्ट २०२२ मध्ये होनस वॅग्नरचं कार्ड साडेबाहत्तर लाख डॉलरना विकलं गेलं आणि त्याच महिन्यात न्यूयॉर्क यांकीजच्या मिकी मँटलचं एक कार्ड १ कोटी २६ लाखांना. आता तुम्ही म्हणाल, खेळाडूच तेवढे मोठे असतील. होते ना! पिट्सबर्ग पायरेट्सचा वॅग्नर आठ वेळा लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला. १९३६ मध्ये बेसबॉलमधल्या थोरांच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पहिले पाच जण निवडले, त्यांत तो होता. पण त्या पाचांतले टाय कॉब, मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हेही वॅग्नरचं कार्ड ज्या संचातलं आहे त्याच संचात आहेत, आणि त्यांची कार्डं वॅग्नरच्या जवळपासही पोहोचत नाहीत. मग हा फरक खेळातून आलेला नाही, हे उघड आहे.

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने सिगारेटच्या पाकिटांत ही इवलीशी कार्डं घातली. पाकीट चेपू नये आणि गिऱ्हाईक पुन्हा यावं, असा दुहेरी हेतू. पाचशेहून अधिक प्रकार निघाले. वॅग्नरने मात्र परवानगी नाकारली आणि त्याचं कार्ड थांबलं. आज जेमतेम पन्नास-साठ प्रती माहीत आहेत. पोरांनी सिगारेटी घ्याव्यात हे त्याला नको होतं, असं एक मत. पैशांवरून बिनसलं, असं दुसरं. तो स्वतः तंबाखू चघळायचा, तेव्हा पहिली कथा जरा जपून घ्यावी. तरी परवानगी मिळवून दिली तर दहा डॉलर मिळणार होते त्या पत्रकाराचं नुकसान नको म्हणून त्याने दहा डॉलरचा चेक पाठवला, असं सांगतात. ते खरं असेल तर पैशांचं कारण लंगडं पडतं. माझा कल पहिल्याच कथेकडे आहे.

१९३३ची गंमत याच्या अगदी उलटी. बोस्टनच्या गौडी कंपनीने च्युइंगगमबरोबर २४० क्रमांकांचा संच काढला आणि १०६ क्रमांक छापलाच नाही. पोरं गम घेत राहिली, १०६ काही सापडेना. शेवटी तक्रारीची पत्रं आली, तेव्हा १९३४ मध्ये नॅप लाजोई या जुन्या खेळाडूचं कार्ड छापून पत्र लिहिणाऱ्यांना टपालाने पाठवलं. शुद्ध लबाडी! पण आज संग्राहक त्याच कार्डामागे धावतात.

मँटलचं कार्ड तर मुळात दुर्मीळ नव्हतंच. टॉप्स या कार्ड कंपनीचा १९५२चा संच तिथल्या साय बर्गर यांनी घडवला. त्यातल्या शेवटच्या टप्प्याच्या छपाईच्या तावावर मँटल दोनदा होता. ते त्याचं पहिलं कार्डही नाही, ते १९५१चं, बोमन या दुसऱ्या कंपनीचं. पण हा टप्पा बाजारात आला तोवर हंगाम सरत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे. माल पडून राहिला. १९६० मध्ये बर्गर यांनी उरलेली खोकी पडावावर लादून अटलांटिकमध्ये ओतली. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे.

आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी 'पुढे भाव येईल' म्हणून कार्डं प्लास्टिकमध्ये घालून ठेवली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. सगळ्यांनीच जपली, त्यामुळे त्यातल्या बहुतेकांना आज कोणी विचारत नाही.

भावाच्या मागे लागलं की काय होतं पाहा. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीने १९९१ मध्ये भागीदारीत घेतलेलं वॅग्नरचं कार्ड सर्वांत सुस्थितीतलं म्हणून गाजलं. २०१३ मध्ये लिलाववाले बिल मॅस्ट्रो यांनी कबूल केलं की त्याच्या कडा आपण कापल्या होत्या. कडा कोऱ्या दिसत होत्या, कारण त्या खरंच नव्या होत्या!

मला या सगळ्यांत जेफर्सन बर्डिक हे संग्राहक आवडतात. सिरॅक्यूजच्या कारखान्यात काम करणारा, संधिवाताने वाकलेला माणूस. वॅग्नरच्या सिगारेटवाल्या संचाला टी२०६ हे नाव त्यांनीच दिलं, टी म्हणजे तंबाखू. त्यांनी केलेल्या कार्डांच्या कॅटलॉगात वॅग्नरला पन्नास डॉलर भाव होता. तीन लाखांहून जास्त नग त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले आणि तिथे बसून अल्बमांत लावत राहिले. १९६३च्या जानेवारीत काम संपलं, दोन महिन्यांनी ते गेले. लावत राहिले म्हणजे चक्क डिंकाने चिकटवत राहिले. आजचा लिलाववाला ते ऐकून डोक्याला हात लावेल. बर्डिकना त्याचं काही वाटलं नाही, कारण त्यांना ती विकायचीच नव्हती.