अजिंठ्याच्या भिंतीवरचं वादळ

नमस्कार मंडळी! सोलापूरचा माणूस समुद्री वादळावर बोलणार म्हटल्यावर हसू येणारच. हसा. पण धाराशिवच्या पुढे तेर आहे ना, जुनं तगर, तिथलं सुती कापड गाड्यांवर लादून भरूच बंदरात जायचं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तसं लिहून ठेवलंय. म्हणजे तिकडे जहाज बुडालं की इकडे कुणाच्या तरी घरात घोर.

आता स्क्रीनवर बघा. हे भिंतीवरचं चित्र अजिंठ्याचं, लेणं क्रमांक २, पाचवं शतक. काढणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

गोष्ट पूर्णाची. हा शूर्पारकचा, म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याचा. दासीच्या पोटी जन्मला, व्यापारात नाव काढलं आणि पुढे भिक्खू झाला. त्याचा थोरला भाऊ भविल चंदनाच्या नादाने समुद्रापार गेला. पूर्णाने आधीच बजावलं होतं, समुद्रात धोका फार, पदरात पडतं थोडं. ऐकतोय कोण! किनाऱ्यावरच्या चंदनवनात ५०० कुऱ्हाडी चालल्या, वन राखणारा यक्ष खवळला आणि त्याने वादळ सोडलं. बाकीचे व्यापारी दिसेल त्या देवाचा धावा करायला लागले. भविल मात्र गप्प. त्याला भावाचे शब्द आठवत होते. शेवटी त्याने पूर्णालाच हाक मारली.

चित्रात डोंगराएवढी लाट शोधू नका. पाण्यात अर्धं अंग माणसाचं, अर्धं माशाचं असे जीव जहाजाला भिडलेत. जहाजात एकजण हात जोडून बसलाय आणि वरून भिक्खू पूर्ण उडत येतोय. भीती त्या जोडलेल्या हातांत आहे, मला तरी लाटेपेक्षा तीच जास्त भिडते.

जरा झूम करतो. तीन डोलकाठ्या, उभट शिडं, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला डोळा, मागे सुकाणूची वल्ही. आणि छपराखाली हे रांजण! पिण्याच्या पाण्याचेच असणार. नळाला चार दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या गावाला ते वेगळं सांगायला नको. संकट देवाधर्माचं, पण सामान अगदी खरं.

म्हणून तर अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून नौदलाचं ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज बांधलं गेलं. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या. मे २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झालं.

बघायला जाणार असाल तर सोमवार टाळा, लेणी बंद असतात. आणि आत फ्लॅश मारू नका, सक्त मनाई आहे.