बिअरला गुण देण्याआधी

मंडळी, बिअरवर लिहिणाऱ्यांना हल्ली तोटा नाही. घोट घेतला, फोटो काढला, पाचपैकी साडेतीन तारे दिले, झालं! उचलली जीभ लावली टाळ्याला. लिहिणाऱ्याला ती बरी वाटली, एवढंच त्यावरून मला कळतं. बिअर कशी होती हे गुलदस्त्यातच राहतं.

समजा, दोन ग्लास आहेत आणि दोन्हींना पिकल्या केळ्याचा वास येतोय. एकात जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर, हेफेवाइत्सेन, दुसऱ्यात पिल्सनर, म्हणजे फिकट सोनेरी लागर. वास एकच, तो देणारं द्रव्यही एकच, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट. हेफेवाइत्सेनमध्ये तो हवाच. केळं आणि सोबत लवंगेची झाक नसेल, तर मी गुण कापीन. पिल्सनरमध्ये मात्र तोच वास आला, की आंबवताना तापमान चढलं असावं अशी शंका घ्यायची. बिअरची दोन मोठी घराणी, लागर आणि एल. लागरचं यीस्ट साधारण ७ ते १३ अंशांत सावकाश काम करतं, एलचं १५ ते २४ अंशांत. उबेत फळांचे वास जास्त तयार होतात.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा, की ही बिअर कोणत्या प्रकारची म्हणून बनवली आहे? लॅम्बिक घ्या. ब्रुसेल्सच्या आसपास ती हवेतल्या आणि पिंपांतल्या रानटी यीस्टवर, जिवाणूंवर आंबते. आंबट लागते, घोड्याच्या तबेल्यासारखा वासही मारते, आणि जाणकार खूश होतात! पेल एलनं तसं केलं, तर अख्खी खेप ओतून द्यावी लागते.

नाकावर भर द्या असं मी सारखं का म्हणतो? १९८५ साली अमेरिकेत बीजेसीपी ही बिअर परीक्षकांची संस्था सुरू झाली. तिच्या गुणपत्रिकेत ५० पैकी १२ गुण वासाला, २० चवीला, ५ तोंडात जाणवणाऱ्या भरीवपणाला, १० एकूण परिणामाला. आणि दिसण्याला? फक्त ३. आपण मात्र अर्धा परिच्छेद सोनेरी रंगावर खर्च करतो. रंग फसवतोही. आयरिश ड्राय स्टाउट काळीकुट्ट, म्हणून लोक तिला जड समजतात. तो काळेपणा भाजलेल्या बार्लीचा, आणि अल्कोहोल बऱ्याचदा चार-साडेचार टक्केच. उलट बेल्जियन ट्रिपेल दिसायला फिकट, गोजिरवाणी, आणि आत नऊ टक्क्यांच्या आसपास. तिच्यापासून जपून.

ग्लास अर्धाच भरा. फेस बसायच्या आत पहिला वास घ्या, कारण काही गंध तेव्हाच असतात आणि लगेच उडतात. मग ग्लास तळहातानं झाका, हलकेच फिरवा, पुन्हा हुंगा. बर्फगार बिअर मुकी असते. पिल्सनर थंड चालेल, पण इम्पीरियल स्टाउट, म्हणजे जास्त अल्कोहोलची काळी बिअर, १२-१३ अंशांपर्यंत येऊ द्या, मग कॉफी, चॉकलेट, सुकामेवा असं एकेक पुढे येतं. घोट छोटा घ्या आणि गिळा. वाइनवाल्यांसारखं थुंकू नका, कारण गिळताना घशाकडून नाकात चढणारा वास आणि मागे रेंगाळणारा कडवटपणा हा परीक्षणाचाच भाग आहे. गिळायचं असल्यामुळेच घोट मोजके. क्रमही पाळा. आधी आयपीए, म्हणजे कडवट इंडिया पेल एल, घेतली, तर नंतरची पिल्सनर पाण्यासारखी लागणार, आणि त्यात तिचा काय दोष?

दोषांचे वास ओळखायला शिकावंच लागतं. बहुतेक लागरमध्ये लोण्याचा वास आला, की आंबताना तयार होणारं डायअ‍ॅसिटिल हे द्रव्य त्यात राहिलंय. ओल्या पुठ्ठ्याचा आला, की प्राणवायू लागून बिअर शिळी झालीय. उजेडात ठेवलेल्या बाटलीची तऱ्हा और असते. हॉप्समधून, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधून, आलेली कडू द्रव्यं प्रकाशानं फुटतात आणि त्यातून गंधकाचा एक घाणेरडा दर्प तयार होतो. तपकिरी काच तो प्रकाश बराचसा अडवते, हिरवी फारच कमी. तरीही हिरव्या बाटलीचा तोरा काही कमी होत नाही!

लिहिताना ‘स्मूद’, ‘बॅलन्स्ड’, ‘मस्त’ हे शब्द महिनाभर बाजूला ठेवून बघा. ‘हॉप्सचा वास छान’ यातून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. १९७२ साली आलेल्या कॅस्केड हॉप्सला ग्रेपफ्रूटच्या सालीचा, फुलांचा वास असतो. तो आला तर तसं लिहा. आवड-नावड जरूर सांगा, पण सगळ्यात शेवटी. मला स्वतःला धुरकट राउखबिअर फारशी रुचत नाही. तरी चांगली बनलेली असेल, तर चाळीसच्या वर गुण देतो.

आणि एक, परीक्षणात बाटलीवरची तारीख नोंदवत चला. आयपीएचा ताजा वास काही महिन्यांतच ओसरतो. आठ महिने उबेत पडलेल्या बाटलीला तुम्ही दोन तारे दिलेत, तर ते बनवणाऱ्याला की साठवणाऱ्याला, हे वाचणाऱ्यालाही कळू द्या.